ओलं फडकं आणि हमीदाबाई

धानोऱ्यात कुणाच्या घरी गेलं, की माणूस आधी घरच्यांना राम राम करतो. हमीदाबाई आधी दाराला हात लावायच्या. पिशवीतून ओलं फडकं काढायचं, चौकटीवरून एकदा फिरवायचं, उजेडात धरून त्यावर काय उतरलं ते बघायचं, आणि मग कुठे "काय म्हणता, बरे हा ना?" असं विचारायचं. फडक्यावर पांढुरकी भुकटी उतरली असेल तर ख्यालीखुशाली बाजूलाच राहायची. "रंग कधीचा हाय हा? लेकरू हाय का घरात?" अशी उलटतपासणी सुरू व्हायची आणि यजमान बिचारा स्वतःच्याच दारात आरोपीसारखा उभा राहायचा.

मी पहिल्यांदा असा उभा राहिलो तेव्हा मला चांगलाच राग आला होता.

नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. माझी बदली गडचिरोलीकडच्या धानोऱ्याच्या शाळेत झाली होती. आम्हाला भाड्यानं मिळालेलं घर एका लाकूड ठेकेदारानं आपल्या भरभराटीच्या काळात बांधलेलं होतं. ठेकेदाराचं घर म्हणजे सागवानाला तोटा नाही. दारं सागाची, खिडक्या सागाच्या, ओसरीचा कठडा सागाचा, आणि या सगळ्यावर वर्षानुवर्षं चढवलेला हिरवा ऑइलपेंट. एका थराचा कंटाळा आला की त्यावर दुसरा. घरात आम्ही चौघं: मी, बायको सुनंदा, माझी आई, आणि नुकतीच दुडूदुडू धावायला लागलेली आमची मुलगी रेवा.

हमीदाबाई शेजारी राहायच्या. मूळच्या चंद्रपूरच्या, जुन्या शहराच्या परकोटाच्या आतल्या. एटापल्ली, चामोर्शी, धानोरा अशा सरकारी दवाखान्यांमधून नर्स म्हणून नोकरी करून तिथेच निवृत्त झालेल्या. मूलबाळ नव्हतं, यजमान वारलेले. चंद्रपूरचा पुतण्या वर्षातून दोनदा न्यायला यायचा आणि वर्षातून दोनदा हात हलवत परत जायचा. "चंद्रपुरात मले कोन ओळखते? इथी कुत्रं बी सलाम करते," असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्माला आली होती. बाकीच्या निम्म्यांना त्यांनी सुया टोचल्या होत्या. आपल्या टोचण्याचा त्यांना भारी गर्व. "माझ्या हातची सुई म्हंजे सुई लागली का मच्छर चावला, हे पेशंटलेच समजत नाई," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ज्यांना ती सुई लागली होती ते लोक यावर काही बोलत नसत.

अंगानं ठेंगण्या, रुंद, अंगावर कायम कांजी केलेली पांढरी साडी, आणि आवाज असा की भूल दिलेला माणूसही उठून बसावा. बोलणं मराठी, हिंदी आणि गोंडी यांची खिचडी. रागावल्या की हिंदी, समजूत घालायची असली की गोंडी आणि हुकूम सोडायचा असला की मराठी. त्यामुळे आमच्या वाट्याला मराठीच जास्त आली.

कोरड्या झाडूशी त्यांचं हाडवैर होतं. जुन्या घरात सकाळी झाडूचा आवाज आला, की त्या कुंपणापलीकडून ओरडायच्या, "ठेवा थो झाडू! धूळ उडवून लेकराच्या नाकात भरून राह्यले! ओलं फडकं मारा, ओलं!" माझी आई आरमोरीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. पहाटे उठून अंगण आणि घर झाडणं हा तिचा धर्म. दिवाळीच्या तोंडावर शेजारीण झाडू ठेव म्हणते, हे तिला पचेना. "लक्ष्मीपूजनाले झाडू पुजाचा का फडकं पुजाचं, थे बी सांगा म्हना तिले," असं ती मला ऐकू जाईल आणि कुंपणापलीकडेही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. पलीकडून उत्तर यायचं, "दोन्ही पुजा माय, पन फडकं आधी!"

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते सुनंदानं त्यांच्याकडून काढून घेतलं. त्यांचे यजमान रशीदभाऊ चंद्रपुरातले नावाजलेले पेंटर. त्या काळी रंग डब्यातून तयार होऊन येत नसे. सफेदा जवसाच्या तेलात हातानं मळायचा, लोखंडाला आधी शेंदराचा हात द्यायचा. सफेदा आणि शेंदूर, दोन्हीत शिसं. त्याच हातानं विडी, त्याच हातानं भाकर. जुना रंग काढायचा तर रॉकेलच्या दिव्याची ज्योत धरून जाळायचा आणि खरडायचा. पुढे त्यांचं पोट दुखायला लागलं. दुखलं की गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. लोक म्हणायचे, पीत असेल. रशीदभाऊंनी आयुष्यात दारूच्या दुकानाच्या बाजूनं वाट धरली नव्हती. पोटाच्या कळांपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. मग एक दिवस मनगट लटकलं. ब्रश उचलेना. तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही काम काय करता?

"मी नर्स," हमीदाबाई सांगायच्या, "रोज शंभर जनाले विचारतो काय खाल्लं, किती खाल्लं. घरच्या मानसाले नाई विचारलं का बाबा, काम करता करता काय खाऊन राह्यला." रशीदभाऊ नंतर बरीच वर्षं जगले, पण ब्रश सुटला तो सुटलाच. घरी बसून ते बायकोला रंगाबद्दल सांगत राहिले: कुठला रंग कसा सुकतो, कुठला कधी भुकटी होतो, कुठे घासला जातो. आणि बाईंनी त्यात दवाखान्याची शिस्त घातली. धानोऱ्याला जी ओल्या फडक्याची दहशत बसली होती, ती या दोघांच्या संसारातून आलेली होती.

आमच्या घराच्या पहिल्याच भेटीत फडकं पांढरं झालं होतं. मी मनात म्हटलं, म्हातारीला उद्योग नाही. मग पावसाळा आला. खिडक्या फुगल्या, उघडता-मिटताना चौकटीला घासायला लागल्या, आणि खिडकीच्या फळीवर रोज बारीक भुकटी दिसायला लागली. रेवाला रस्त्यावरच्या गाईबैल बघायचा नाद. ती तासन्‌तास त्या खिडकीशी उभी राहायची. दात येत होते, म्हणून फळीची कड चावायची. आम्हाला गंमत वाटायची. तिचं खाणं कमी झालं, पोट दुखतं म्हणून रडायची, चेहरा पिवळट पडला. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. एका सकाळी हमीदाबाईंनी तिला कुंपणावरून उचलून घेतलं, बोटानं ओठ उघडला आणि ओठाच्या आत चिकटलेली हिरवी टिकली माझ्यासमोर धरली. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, नागपूरले घेऊन जा पोट्टीले. रक्तात शिसं तपासा म्हना. ऐकला नाई डॉक्टर तर माझं नाव सांगा." नागपुरात त्यांचं नाव कोण ओळखणार होतं? पण मी खरंच सांगितलं, आणि मुलांच्या त्या डॉक्टरांनी खरंच ऐकून घेतलं. रक्त पुढे कुठेतरी मोठ्या ठिकाणी पाठवलं. उत्तर आलं ते बाईंनी सांगितलं होतं तेच. रक्तात शिसं जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, मूल लहान आहे, याचा परिणाम डोक्यावर होतो, वाढीवर होतो. औषधापेक्षा आधी ते शिसं पोटात जाणं थांबवा, लोहाची औषधं द्या, पोटभर खाऊ घाला, आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त आणा.

घर बदलायचं तर धानोऱ्यात दुसरं घर नव्हतं. होती ती याच रंगाची, याच वयाची. मी हात टेकले तेव्हा हमीदाबाईंनी आमचं घर ताब्यात घेतलं.

सुनंदा आणि रेवा ब्रह्मपुरीला माहेरी गेल्या. आई हलेना, "घर टाकून मी नाई जात" म्हणून कोठीघरात मुक्काम ठोकून बसली. रंगकामाला देवाजी आला. देवाजी पेंटर गावातला, हातात कौशल्य आणि कानावर विडी. त्यानं खरडायची पत्ती काढली तोच बाईंनी त्याच्या हातात धानावर औषध मारायचा फवारा दिला, कोरा करकरीत, नुसतं पाणी भरलेला. "पह्यले भिजव. मंग खरड. वाळलं का पुन्हा भिजव."

"बाई, भिजवून कोनी रंग खरडते का?" देवाजी म्हणाला. "कोरडाच सटासट निघते."

"निघते ना. आनि जाते कुठी? तुह्या नाकात." बाईंनी त्याच्या नाकाला ओल्या रुमालाची घडी बांधली. गाठ इतकी घट्ट, की देवाजी दिवसभर गेंगाणं बोलला.

खाली प्लास्टिकचा कागद, त्याची कड भिंतीला चिकटवलेली. भांडी, अंथरुणं, धान्य सगळं कोठीत. प्रत्येक दारावर एकेक ओली चादर टांगलेली. पण सगळंच खरडायचं नव्हतं, आणि मला वाटतं बाईंची खरी अक्कल तिथे दिसली. जिथे जुना रंग घट्ट होता तिथे त्यांनी देवाजीला पत्ती लावूच दिली नाही. "निजला हाय थो. निजू दे. वरून नवा रंग मार, झाकून टाक. उठवून काय भांडाचं हाय त्याच्याशी?" फक्त पोपडे धरलेला आणि घासला जाणारा रंग ओला करून काढायचा. निघालेला लगदा रोजच्या रोज प्लास्टिकच्या पोत्यात, पोत्याचं तोंड बांधलेलं. संध्याकाळी साबणाच्या पाण्यानं जमीन पुसायची, फडकं बदलायचं, पुन्हा साध्या पाण्यानं पुसायची. कामाचे कपडे घराबाहेर काढायचे आणि वेगळे धुवायचे.

देवाजीच्या विडीचं तर त्यांनी नाटकच केलं. हात साबणानं धुतल्याशिवाय विडी नाही, आणि घरात तर नाहीच. नळाशी उभ्या राहून त्या त्याची नखं तपासायच्या. "बाई, माहा बाप बी एवढा तपासत नव्हता," देवाजी म्हणायचा. "तुह्या बापाले मी सुई मारली हाय, त्याले विचार," असं उत्तर मिळायचं. तिसऱ्या दिवशी मात्र देवाजीनं विचारलं, त्याच्या घरीही लहान पोर आहे, हे कपडे घालून घरी जातो ते बरं का? बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यालाही वेगळी चड्डी-बनियन आणायला लावली. तेव्हापासून देवाजी त्यांचा भक्त झाला.

समोरच्या दोन खिडक्या मात्र सडल्या होत्या. भिजवायला गेलं की लाकूडच सुटायचं. बाई म्हणाल्या, "याले खरडूच नोका. अख्ख्या काढा, नव्या बसवा." सुताराकडून नव्या खिडक्या आल्या. जुन्या न्हाणीमागे भिंतीला टेकवून ठेवल्या.

रेवा परत आली तेव्हा घर असं चकचकीत होतं की सुनंदाला रडू आलं. पोरगी खायला लागली, खिडकीशी उभी राहून बैलांना हाका मारायला लागली. हमीदाबाई कुंपणावरून हे बघायच्या आणि स्वतःवर इतक्या खूश व्हायच्या की विचारता सोय नाही. गावभर आमच्या घराची जाहिरात. लोकांना बोलावून दारं दाखवायच्या, जणू घर त्यांनीच बांधलं होतं. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी घर स्वतःच्या नावावर करून मागितलं असतं तरी मी ठेकेदाराच्या पाया पडलो असतो.

मग थंडी आली. धानोऱ्याची थंडी जंगलातून येते आणि हाडात शिरते. त्या थंडीत रेवा पुन्हा पोट धरून रडायला लागली. तसाच पिवळट चेहरा, तीच ताटावरून उठून जाण्याची सवय. आम्ही दोघं हादरलो. बाईंनी फडकं घेऊन घराचा कोपरा न्‌ कोपरा पुसला, फडकं स्वच्छ. पाणी बघितलं, खेळणी बघितली.  मला तर वाटायला लागलं, पोर आता हातची जाते.

एके दिवशी सकाळचं ऊन खायला बाई आमच्या अंगणात येऊन बसल्या होत्या. आई रेवाला मांडीवर घेऊन तिचे दात घासत होती. बोटावर राखुंडी, घरचीच, राखेत मीठ घालून केलेली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच करतात. बाईंनी विचारलं, "माय, राख कशाची?"

"न्हानीच्या चुलीतली," आई अभिमानानं म्हणाली. "थ्या जुन्या खिडक्या फोडल्या ना मी. सागवान हाय, कोन फेकते? असं मस्त पेटते का बाप्पा! भांडे बी त्याच राखेनं निंगतात."

हमीदाबाई उठून उभ्या राहिल्या. मी आईच्या वाट्याला काय येणार या भीतीनं पुढे झालो. सगळा गाव ज्या आवाजाला भ्यायचा, तो आवाज आता आईवर कोसळणार, आणि कोसळला असता तरी मी काय म्हणणार होतो? बाईंनी रेवाला उचललं, तिची चूळ भरून घेतली, पुन्हा भरून घेतली, तिला सुनंदाच्या हातात दिलं. मग आईसमोर खाली बसल्या.

"माय," त्या म्हणाल्या, "लाकूड जळते, शिसं नाई जळत. थे धुरात जाते आनि राखेत राह्यते."

आईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकवत नाही. "माह्या हातानं! माह्या हातानं चारलं मी तिले!"

हमीदाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. राखेसकट. "तुमची चूक नाई. ऐका माह्यं. खिडक्या काढा म्हनून मी सांगतलं. काढून कुठी टाकाच्या, थे मी नाई सांगतलं. तुमच्या घरात सागवान फेकत नाई, हे मले समजाले पाह्यजे होतं. मी इथलीच हाव ना? चूक माही हाय." आणि मग त्या रडल्या. आमच्या अंगणात दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून रडत होत्या, आणि मी, सुनंदा आणि नुकताच येऊन उभा राहिलेला देवाजी, तिघंही बघत होतो.

त्या दिवशी चूल भिजवून खरवडली, राख ओली करून पोत्यात भरली, उरलेलं लाकूड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. विहिरीपासून आणि वावरापासून लांब, उंच पडीक जागी खोल खड्डा करून सगळं पुरलं. "यापरीस चांगलं मले ठाऊक नाई," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी मी तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभ्या. मी विचारलं, कुठे? तर एटापल्ली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत जिथे जिथे त्यांनी कुणाला सांगितलं होतं की सडकं दार खरडू नका, अख्खं काढा, त्या प्रत्येक घरी त्यांना जायचं होतं. मी म्हटलं, बाई, गुडघे दुखतात तुमचे, निरोप पाठवा. त्या म्हणाल्या, "निरोप काय म्हनंल? बाई चुकली म्हनंल? थे मलेच सांगाले पाह्यजे, मास्तर. दुसऱ्याच्या तोंडून लोक आयकत नाईत." आईनं त्यांना पोळ्या आणि ठेचा बांधून दिला. गाडी निघेपर्यंत आई खिडकीखाली उभी होती.

मग त्यांचं हेच सुरू झालं. आठवडाभर बाहेर, दोन दिवस घरी. परत आल्या की आधी रेवाला बघायच्या, मग पाय शेकत बसायच्या. कुठे लोक हसले, कुठे कुणी सांगितलं की ते दार केव्हाच जळून गेलं, कुठे खरंच खिडकीची एक जुनी झडप न जाळता गोठ्यात पडलेली सापडली. ती सापडली तेव्हा त्या लग्नघरासारख्या आनंदात आल्या होत्या.

उन्हाळा संपता संपता रेवाचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता असंच जपा. मी पेढे घेऊन धावत गेलो, तर त्यांच्या दाराला कुलूप. आल्यावर पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "हात धुतले का मास्तर, पेढा देताना?" आभार मानायला मी तोंड उघडलं की त्या कुठलंतरी दार पुसायला निघून जायच्या. त्यामुळे ते राहूनच गेलं. ज्या बाईमुळे आपली मुलगी शहाणीसुरती वाढली, तिला साधं 'तुमचे उपकार' म्हणू शकलो नाही. म्हणून आज हे लिहितो आहे.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बाई नव्हत्या, फेरीवर गेल्या होत्या. आम्ही सामान पुढे पाठवून गडचिरोलीची एसटी धरली. धानोरा मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या एका खेड्यापाशी गाडी हळू झाली. रस्त्यावर बकऱ्या होत्या. रेवा खिडकीशी बसलेली. ती एकदम ओरडली, "बाई! आई, बाई!"

रस्त्यालगतच्या घराच्या अंगणात, जुन्या रंगीत फळ्या पेटवलेल्या चुलीपुढे, पांढरी साडी वाकलेली होती. समोर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून भांडत होती, आणि हमीदाबाई दोन्ही हात जोडून तिला काहीतरी सांगत होत्या. आम्ही चौघांनीही हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसेल. आई खिडकीबाहेर हात काढून हलवत राहिली. बकऱ्या गेल्या आणि गाडीनं वेग घेतला.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्या अंगणात एक रांगतं मूल होतं.